राक्षस कोण ते आपण फार लवकर ठरवतो

आपल्याकडं कुठलाही भयानक गुन्हा घडला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नराधम हे ठरलेलं असतं. टीव्हीवर हैवान, मोबाईलवर सैतान, राक्षस, आणि त्याच्या खाली शेकड्यानं लोक लिहितात की ठेचून मारा, चौकात फाशी द्या. त्या रागाबद्दल मला तक्रार नाही, लहान पोरीवर अत्याचार झाल्याची बातमी वाचून ज्याच्या पोटात कालवत नाही त्याच्याशी मला बोलायचंच नाही. पण वर्षानुवर्षं हे बघून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते मांडते. माणसाला राक्षस म्हणून टाकलं की दोन वाईट गोष्टी होतात, ज्यानं काहीच केलेलं नाही असा कोणतरी त्यात सापडतो, आणि ज्यानं खरंच केलंय त्याच्याबद्दल आपण काही म्हणजे काही शिकत नाही. राक्षसी असतं ते कृत्य. ते कसं घडलं, किती दिवस चाललं होतं, कुणाला माहीत होतं आणि कोण गप्प बसलं, हे विचारायला लागतं, आणि शिवी दिली की आपलं विचारणं तिथंच थांबतं.

हे मी कोल्हापुरात बसून लिहितेय, आणि कोल्हापूरकरांना तर हे जास्त कळायला पाहिजे, कारण आपलं गावच असुराच्या नावानं आहे. करवीर महात्म्यातली गोष्ट इथं लहानपणापासून कानावर पडते, अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं आणि मरताना त्यानं वर मागितला की ह्या क्षेत्राला माझं नाव राहू दे, देवीनं तो दिला. गोष्ट जरा मागनं ऐकली तर करवीर हे पण त्याच घरातलं नाव निघतं, करवीर हा कोल्हासुराचा पोरगा, त्याला महादेवानं मारलं, आणि पोरं मारली गेल्यावर हा पेटला, तप केलं, देवीकडनं शंभर वर्षं क्षेत्र सोडून जायचं वचन घेतलं आणि त्या शंभर वर्षांत लोकांना छळ छळ छळलं. म्हणजे त्याला कारण दिलंय, पोरं गेलेला बाप आहे तो. कारण दिलं म्हणून माफ नाही केलं, मारलाच त्याला, पण मारताना त्याचं ऐकून घेतलं. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं कुमारिकेच्या हातनं कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळवायला लोकांची काय झुंबड उडते ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. असुराच्या नावानं फोडलेला कोहळा लोक घरी नेतात, शुभ म्हणून.

आणि हे एकट्या कोल्हापूरचं नाही. जेजुरीला खंडोबानं मणी आणि मल्ल दोघांना मारलं, त्यातल्या मणीची मूर्ती देवाच्या दारात आहे, आणि मल्लाचं नाव तर आपण देवाच्याच नावात घेतो, मल्हारी म्हणतो. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आया ओवाळताना इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणतात, आणि तो बळी पुराणात असुर आहे, वामनानं पाताळात घातलेला. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरीत हीच सगळी गोष्ट उलट्या बाजूनं सांगितली, की बळी हा इथल्या शेतकऱ्यांचा राजा होता आणि बाहेरनं आलेल्यांनी त्याला फसवून गाडला. त्यांचा इतिहास शब्दशः तसाच मानायचा का नाही हा वेगळा वाद, पण गोष्ट कोण सांगतंय त्यावर असुर कोण हे ठरतं, हे त्यांनी जे दाखवलं ते खोडून काढता येत नाही.

ह्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा महाभारतात आहे आणि मला तो फार टोचतो. घटोत्कच हा भीमाचा आणि हिडिंबेचा मुलगा, आई राक्षसी म्हणून हा राक्षस. त्यानं काय वाईट केलं सांगा. बाप सोडून गेला तरी बोलावलं की आला, वनवासात द्रौपदी चालून थकली तर तिला उचलून नेली, युद्धात चौदाव्या दिवसाच्या रात्री लढायला उतरला आणि इंद्रानं कर्णाला दिलेली जी शक्ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती ती ह्याच्यावर खर्च झाली. मरता मरता सुद्धा शरीर वाढवून कौरवांच्या सैन्यावर पडला, म्हणजे मरण पण बापाच्या कामाला लावलं. पांडव रडत होते आणि कृष्ण आनंदानं नाचला, असं द्रोणपर्वात लिहिलंय, आणि वर सांगितलं की कर्णानं नसता मारला तर मलाच ह्याला मारायला लागलं असतं, हा ब्राह्मणांचा आणि यज्ञांचा द्वेष करणारा आहे. आता दुसऱ्या बाजूला अश्वत्थामा घ्या. युद्ध संपलेलं आहे, रात्री छावणीत घुसला, धृष्टद्युम्नाला झोपेतनं उठवून लाथांनी मारला, हातात शस्त्र घेऊन मरतो एवढी सुद्धा संधी दिली नाही, द्रौपदीची पाची पोरं मारली, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. झोपलेली पोरं आणि पोटातलं बाळ! ह्याच्यापेक्षा राक्षसी कृत्य अख्ख्या महाभारतात मला तरी दिसत नाही. पण त्याला राक्षस कुणी म्हणत नाही. तो द्रोणाचार्यांचा मुलगा. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला, तीन हजार वर्षं भटकायचा शाप दिला, आणि सात चिरंजीवांचा जो श्लोक सकाळी म्हणतात त्यात त्याचं नाव पहिलं येतं. सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते, जखमेला तेल मागत फिरतो म्हणून लोकांना त्याची दया येते. ती दया येऊ नये असं मी म्हणत नाही, दया चांगलीच. पण मग ती घटोत्कचाच्या वाट्याला का आली नाही? एकाच ग्रंथात एकाचं कृत्य बघून सुद्धा त्याला माणूस ठेवलं आणि दुसऱ्याचा जन्म बघूनच त्याला राक्षस ठरवलं. आजच्या बातम्या वाचताना ही जोडी डोळ्यासमोर ठेवून बघा, कुणाच्या गुन्ह्यात त्याची जात, धर्म, वस्ती पहिल्या ओळीत येते आणि कुणाच्या गुन्ह्यात अभ्यासात हुशार होता, चांगल्या घरातला होता हे पहिल्यांदा येतं.

भुतांचं पण तसंच आहे, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे कारण ह्याच्याकडं कुणी नीट बघत नाही. गावाकडं म्हाताऱ्या माणसांना विचारा भुतांचे प्रकार किती, ते भराभरा सांगतील. हडळ आणि अळवंतीण म्हणजे पोटुशी असताना किंवा बाळंतपणात मेलेली बाई. लावसट म्हणजे विधवा मेली तर तिचं भूत. जखीण म्हणजे सवाष्ण मेलेली. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्न व्हायच्या आधी गेलेलं पोर, ते पिंपळावर. समंध म्हणजे ज्याच्या मागं कोण नाही असा. सगळी यादी परत एकदा वाचा, ह्यात एक तरी जुलमी माणूस आहे का? सावकार मेला आणि त्याचं भूत झालं म्हणून गावानं रस्ता बदलला असं का नाही, पोरींना छळून मारणाऱ्या सासवांचा वेगळा प्रकार का नाही, लोकांच्या जमिनी खाणारा इनामदार कुठल्या झाडावर बसतो? ज्यांच्यावर अन्याय झाला त्याच सगळ्या झाडावर बसल्या. बारा तेरा वर्षाची पोर बाळंतपणात मरायची, अंग भरलेलं नाही, सुईण वेळेवर नाही, आणि तिच्या लग्नाची घाई कुणी केली हे विचारायच्या ऐवजी तिचे पाय उलटे केले, केस मोकळे सोडले आणि चिंचेच्या झाडावर बसवली. अशी बाई गेली की मयताच्या वाटेवर राळे नाहीतर मोहरी टाकत जायचे, म्हणजे ती दाणे वेचत बसंल आणि घराकडं परत येणार नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला, भुताच्या भीतीनं नाही. ज्या घरात ती मेली त्या घराला माहीत होतं की तिचं काहीतरी देणं लागतं, नाहीतर ती परत यायची भीती कशाला वाटली असती.

आपण ज्याच्याशी वाईट वागलो त्याचीच आपल्याला भीती वाटते आणि मग त्या भीतीला आपण त्याचाच चेहरा देतो, हे बाहेरच्या साहित्यात पण आहे. मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाइन १८१८ साली आली, तिनं ती लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची पोर होती. लोकांना वाटतं फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव, पण ते त्याला बनवणाऱ्या तरुणाचं आहे, त्या बिचाऱ्याला नावच दिलं नाही, बनवला आणि बघून घाबरून पळाला. तो बोलायला शिकला कसा, तर एका घराच्या भिंतीला लागून लपून बसून, त्या घरातल्या माणसांचं ऐकून ऐकून. रात्री त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवायचा. शेवटी धीर करून आत गेला तेव्हा घरात आंधळा म्हातारा एकटाच होता, म्हाताऱ्यानं त्याला बस म्हटलं, प्रेमानं बोलला, मदत करतो म्हणाला. एवढ्यात डोळे असलेली माणसं आली आणि पोरानं त्याला काठीनं मारायला सुरुवात केली. पुढं त्यानं बुडणारी पोर वाचवली तर त्याला गोळी घातली. त्यानंतर त्यानं खून केले, लहान पोराचा सुद्धा केला, आणि लेखिका ते लपवत नाही, त्याला सोडत पण नाही. पण कादंबरीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं पात्र वाटतं ते जस्टिन, त्या घरातली कामवाली. पोराच्या खुनाचा आळ हिच्यावर येतो, हिच्या खिशात वस्तू सापडते, पाद्री तिला इतकं घाबरवतो, इतकं घाबरवतो की तिला स्वतःलाच वाटायला लागतं आपण तो म्हणतो तशी राक्षसच आहोत की काय, आणि ती न केलेला गुन्हा कबूल करते. फासावर जाते. बनवणाऱ्याला खरं माहीत असतं आणि तो गप्प बसतो. राक्षसाची गोष्ट म्हणून वाचायला घेतो आपण आणि त्यात पहिल्यांदा फाशी होते ती गरीब निरपराध मुलीला, हे मला तरी योगायोगानं लिहिलेलं वाटत नाही.

आता पुस्तकातनं बाहेर येऊया. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि त्यात एकेक माणूस नाही तर अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोर पाळण्यात आहे तरी ते गुन्हेगार. पोलीसपाटलाकडं हजेरी, गाव सोडायचं तर परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या आत वस्त्या. घटोत्कचाला जे लावलं तेच, फक्त आता सरकारी शिक्का मारून. आमच्या शाहू महाराजांनी काय केलं तर १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड ह्यांची हजेरी बंद केली, आणि फासेपारध्यांना जवळ केलं, कामाला लावलं, पहाऱ्यावर सुद्धा ठेवलं. ज्याला सगळे चोर म्हणतात त्याच्या हातात पहारा द्यायचा, ह्याला धाडस लागतं आणि माणसाची पारख लागते. तो कायदा गेला १९५२ साली. पण गावात चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कुठल्या पालावर जातात ते आज पण कुणाला विचारायला लागत नाही.

आता अवघड भाग. लोक मला म्हणतात, हे सगळं ठीक आहे पण काही माणसं खरंच राक्षस असतात त्याचं काय, आणि कोल्हापुरात हा प्रश्न आला की त्या बालहत्याकांडाचं नाव निघतंच. निघायलाच पाहिजे. १९९० ते १९९६ ह्या काळात एक आई आणि तिच्या दोन मुलींनी मिळून लहान लहान मुलं पळवली, चोऱ्या करताना त्यांना कडेवर घ्यायचं, पकडलं जायची वेळ आली की लोकांचं लक्ष वळवायला पोराला वापरायचं, आणि पोर अडचणीचं झालं की मारून टाकायचं. तेरा मुलं पळवल्याचा आरोप होता, पाच खून सुप्रीम कोर्टापर्यंत टिकले. आई खटला उभा राहायच्या आधीच तुरुंगात मेली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ ला दोघी बहिणींना फाशी सुनावली, सुप्रीम कोर्टानं २००६ ला ती कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ ला दयेचा अर्ज फेटाळला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्याची जन्मठेप केली कारण दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारनं सात वर्षांहून जास्त लावली होती.

त्यांचं कृत्य राक्षसी होतं, ह्यात मी एक शब्द मागं घेत नाही. पण सहा वर्षं हे चाललं कसं, हा प्रश्न मी विचारणार, कारण राक्षस होत्या म्हटलं की ह्याचं उत्तर मिळत नाही. त्यांच्याकडं बघून कुणाला संशयच आला नाही. जत्रेत, यात्रेच्या गर्दीत, एसटी स्टँडवर एक म्हातारी बाई, दोन पोरी आणि कडेवर लहान मूल, कोण संशय घेणार? आपल्या डोक्यात पोरं पळवणारा म्हणजे दाढी वाढलेला, मळक्या कपड्यातला, झोळीवाला परका पुरुष, तो दिसला की आपण सावध होतो, आणि ज्या खरंच पोरं मारत होत्या त्यांना गर्दीत आपणच जागा करून देत होतो, बाळ आहे हो, जाऊ दे त्यांना. आणि दुसरं, पळवलेली काही मुलं रस्त्यावर राहणाऱ्या, भीक मागणाऱ्या माणसांची होती. भिकारणीचं पोर हरवलं तर ती कुठं तक्रार देणार आणि दिली तर कोण कागदावर घेणार? शेवटी त्या सापडल्या कशा, तर त्या म्हातारीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोची मुलगी नाहीशी झाली आणि तिनं ह्यांच्यावर संशय घेऊन पोलिसात तक्रार दिली. एका आईचं ऐकून घेतलं तेव्हा हे थांबलं. त्याच्या आधीच्या आयांचं ऐकून घेतलं असतं तर किती मुलं वाचली असती, हा प्रश्न त्या तिघींना कितीही शिव्या दिल्या तरी आपल्या अंगावरनं जात नाही.

आणि त्याच भीतीनं दुसऱ्या बाजूला काय केलं बघा. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा गाव, आठवड्याचा बाजार. त्या वेळी मोबाईलवर पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून मेसेज फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या बाजूचे, पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारे, त्यातला कोणतरी एका लहान मुलीशी बोलला म्हणून गर्दीनं धरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन पाची जणांना जीव जाईपर्यंत मारलं. ग्रामपंचायतीत! जिथं माणसानं जीव वाचवायला धावत जायचं त्या खोलीत. आणि त्याचे व्हिडिओ काढले, ते फिरले. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, पालघर जिल्ह्यात गडचिंचले गाव, चोर आणि पोरं पळवणारे फिरतायत म्हणून अशीच अफवा, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर पोलिसांच्या देखत मारले. ह्या दोन घटनांबद्दल बोलताना लोक आपापल्या सोयीनं एक उचलतात आणि दुसरी विसरतात, मी दोन्ही एका श्वासात सांगते कारण दोन्हीकडं झालं ते एकच, गर्दीला राक्षस पाहिजे होता आणि जो परका, एकटा, ओळख सांगायला ज्याच्याजवळ कोण नाही असा समोर आला त्याला तो वेष चढवला. त्या दिवशी राईनपाड्यात राक्षसी कृत्य झालं ते कुणी केलं? शेतकरी, मजूर, बाजाराला आलेली, घरी जाऊन आपल्या पोरांना जेवू घालणारी माणसं. त्यांनाही मी राक्षस म्हणणार नाही, म्हटलं तर परत तेच होईल, आपण सुटू. मेसेज पुढं ढकलणारे तर राज्यभर होते, त्यात आपण नव्हतो हे आपल्यातलं कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

बायकांवरच्या अत्याचाराच्या बाबतीत तर ह्या राक्षसाच्या चित्रानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं एकच सांगते, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहातल्या नऊहून जास्त ठिकाणी आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन देणारा, मालक. पण आपण पोरींना काय शिकवतो, अंधारात जाऊ नको, अनोळखी माणसाशी बोलू नको. आणि घरातल्या मामानं, काकानं काही केलं आणि पोर सांगायला आली तर आई म्हणते, असं कसं बोलतीस, तो तसला नाही. तसला म्हणजे कसला? तर राक्षसासारखा. तो तर सणाला येतो, पोरांना खाऊ आणतो, देवळात जातो, म्हणजे पोरगीच खोटं बोलत असणार. राक्षस वेगळाच दिसतो असं डोक्यात बसल्यामुळं किती पोरींचं तोंड दाबलं गेलं असेल ह्याचा हिशोब कुठल्याच पेपरात येणार नाही.

ह्यावर माझ्या माहितीतले एक काका मला म्हणाले, तू गुन्हेगारांना समजून घ्यायला सांगतीस आणि ज्याचं पोर गेलं त्याच्याकडं कोण बघणार. प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी टाळत नाही. ज्याचं पोर गेलं त्यानं काहीही म्हणावं, राक्षस म्हणावं, त्याहून वाईट म्हणावं, तो हक्क त्याचा, त्याला भाषा सांभाळायला सांगणारी मी कोण. पण आपण बाकीचे, ज्यांचं पोर घरात सुखरूप झोपलंय, आपण त्याची शिवी उसनी घेऊन मिरवतो आणि मग कोर्टाच्या तारखेला कोण जात नाही, साक्षीदाराला धमकी आली तर कोण उभं राहत नाही, वर्षानुवर्षं खटला चालतो तेव्हा त्या बापाला साधा फोन कुणी करत नाही. शिक्षा व्हायलाच पाहिजे, पुराव्यानं आणि लवकर व्हायला पाहिजे, आणि समजून घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे हे एवढं अवघड आहे का? आपल्या गोष्टीतल्या देवीनं कोल्हासुराचं ऐकलं आणि तरी मारला, दोन्ही एकदम करता येतं.

आणि कोल्हापूरकर म्हणून आपल्याबद्दल पण बोलायला पाहिजे, नुसतं धुळ्याकडं बोट दाखवून चालणार नाही. ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरनं शहर बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या नावानं निघालेल्या गर्दीनं वाटेवरच्या गजापुरात मुसलमानांची घरं आणि मशीद फोडली, गड वर आणि घरं खाली, त्या घरातल्या माणसांचा गडावरच्या अतिक्रमणाशी काय संबंध हे विचारायला कुणी थांबलं नाही. अतिक्रमण काढायचं तर कायद्यानं काढा, त्याला माझा विरोध नाही. पण एकाच्या कृत्याचा जाब दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन विचारायचा हे १८७१ च्या कायद्याचंच डोकं आहे, जमात बघून गुन्हा ठरवायचा. ह्याच गावात गोविंद पानसरेंना सकाळी फिरून येताना गोळ्या घातल्या, फेब्रुवारी २०१५ मध्ये, ते ह्याच विचारण्यासाठी गेले, इतिहास नीट वाचा आणि शेजाऱ्याला शत्रू करू नका एवढंच सांगत होते आयुष्यभर. त्यांच्या आधी पुण्यात दाभोलकर गेले, ऑगस्ट २०१३, आणि त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आला त्यात एखाद्या माणसाला हा करणी करतो, हा सैतान आहे असं म्हणून त्याचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे. कुणाला सैतान ठरवणं किती धोक्याचं असतं हे महाराष्ट्राच्या कायद्यात लिहिलेलं आहे, ते फक्त भगतासाठी आहे असं समजू नका.

माझं मागणं साधं आहे आणि ते आत्ता करता येण्यासारखं आहे. पेपरवाल्यांनी गुन्ह्याच्या बातमीत शिवीच्या जागी तपशील द्यावा, आधी तक्रार झाली होती का, कुठल्या चौकीत, तिचं काय केलं, हे मथळ्यात यावं. शाळांनी पोरांना अनोळखी माणसाबरोबर ओळखीच्या माणसाबद्दल पण बोलायला शिकवावं, आणि १०९८ हा चाईल्ड हेल्पलाईनचा नंबर प्रत्येक वर्गात मोठ्या अक्षरात लावावा. आणि कॉलनीच्या, तालमीच्या, मंडळाच्या ग्रुपवर पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून फोटो पडला की ॲडमिननं तो तिथंच अडवावा, ११२ ला फोन लावून विचारावं, आणि त्या वेळात दारात आलेल्या गोसाव्याला, बहुरूप्याला, पोतराजाला गाव कुठलं, नाव काय, कुठं उतरलाय एवढं विचारावं, बसायला सांगावं, उन्हातनं आला असेल तर पाणी द्यावं, पोलीस येईपर्यंत.